काडी काढल्यावर

कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरलं की आमच्या घरी उन्हाळा लागला असं धरतात. कॅलेंडरला कोणी विचारत नाही. नव्या गवताचा ओला, लाकडी वास सुरुवातीचे काही दिवस सगळ्या खोल्यांत फिरतो, मग त्याची सवय होते. बाहेर कडुलिंबाचा मोहोर गळून रस्ताभर पिवळट भुसा पडलेला असतो. याच दिवसांत मम्मी माळ्यावरून जुन्या ओढणीत बांधलेलं एक पुडकं खाली काढते. त्यात बारीक, गुळगुळीत, हाताळून तेलकट झालेल्या काड्या असतात. सरगुंड्यांच्या काड्या.

ज्यांच्या घरी सरगुंडे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घट्ट मळलेल्या कणकेची शेवईसारखी बारीक दोरी ओढायची, ती काडीवर एकाला एक वळसा चिकटवत गुंडाळायची, पाटावर हलक्या हातानं फिरवायची आणि जरा सुकली की काडी ओढून घ्यायची. मागं उरते कणकेची एक पोकळ नळी. ती कडक वाळली की डब्यात भरायची. पाहुणे आले की उकडून आमरसात.

यंदा मी सुट्टीला घरी आले, तेव्हा मम्मी ते पुडकं सोडतच होती. म्हणाली, "जयूच्या काड्या जपून ठेवल्यात मी. अजून एक मोडली नाही."

जयूच्या काड्या. मी या घरात जन्मले, वाढले, पण या घरात माझ्या नावानं ओळखली जाणारी वस्तू म्हणजे फ्रीजमधली एक पाण्याची बाटली. तीही गळायला लागली म्हणून कुंडीला पाणी घालायला ठेवली आहे.

जयू म्हणजे जयश्री, माझ्या आत्याची मुलगी. कन्नड गावची. एम.एस्सी.साठी ती आमच्याकडे राहायला आली. माझाच विषय, माझाच वर्ग, माझीच खोली. येताना लोणच्याची बरणी, या काड्या आणि आवाज घेऊन आली. आवाज म्हणते, कारण ती जिन्यात असतानाच घराला कळायचं की जयू आली. माझं उलट होतं. पाहुणे विचारायचे, "मुलगी दिसत नाही तुमची?" आणि मी त्यांच्यासमोर बसलेली असायचे.

माझी शाळा इंग्रजी. वर्गात मराठी बोललं की बाहेर उभं करायचे. त्यामुळं माझ्या डोक्यात दोन खोल्या तयार झाल्या. एका खोलीत विचार करायचा, दुसऱ्या खोलीत "भूक लागली", "नळाला पाणी आलं", "चावी कुठंय" हे बोलायचं. भौतिकशास्त्र पहिल्या खोलीत आणि पप्पा दुसऱ्या. मधलं दार कुठं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जयूला असल्या खोल्याच नव्हत्या. तिचं सगळं एका अंगणात.

पप्पा तेव्हा चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. संध्याकाळी कंपनीच्या बसनं यायचे, डबा बेसिनमध्ये ठेवायचे आणि कूलरसमोर खुर्ची ओढून बसायचे. मला विचारायचे, "झाला का अभ्यास?" मी म्हणायचे, "हो." झालं. बालवाडीपासून आमचं हेच संभाषण चालू आहे. पण जयू आत आली की पप्पा मान वर करायचे. "काय जयश्रीबाई, काय शिकवलं आज?" ती ओढणीनं घाम पुसत सांगायला लागायची आणि ती थांबली की पप्पा म्हणायचे, "मग?"

एवढाच शब्द. पण तो ऐकला की माझ्या हातातलं पान उलटायचं राहून जायचं. "झाला का अभ्यास?" हा प्रश्न दार लोटून घेणारा आहे. "मग?" म्हणजे पुढं ये, बस, मी ऐकतोय. पप्पांच्या तोंडून तो माझ्यासाठी एकदा निघावा, एवढंच त्या वर्षी मला हवं होतं. पुण्यापेक्षाही जास्त.

पुण्याचं असं होतं. परीक्षा तोंडावर आली होती आणि पुढं संशोधनाला पुण्याला जायचं माझ्या मनात होतं. तिकडच्या सरांनी घ्यायची तयारी दाखवली होती. पप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, निदान बोलणं वाढलं असतं. ते म्हणाले, "जा म्हणायला माझं काय जातंय? पण लोकांनी विचारलं पोरगी काय शिकती, तर मी काय सांगू? मला एकदा नीट सांग. पटलं तर जा. नाय पटलं तर अजिंठ्याच्या काकांनी आणलेलं स्थळ बघून घेऊ."

मी तयारी केली. खरंच केली, आरशासमोर उभं राहून. आणि एका संध्याकाळी कूलरसमोर बसून म्हणाले, "पप्पा, आपल्याला स्पेसच्या थ्री डायमेन्शन्स दिसतात. म्हणजे लांबी, रुंदी, उंची. पण काही थिअरीज आहेत, त्यात एक्स्ट्रा डायमेन्शन्स असू शकतात. त्या कॉम्पॅक्ट असतात, म्हणजे... कर्ल्ड अप... म्हणून त्या ऑब्झर्व्ह होत नाहीत."

पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कूलरकडं बघून म्हणाले, "पाणी संपलं वाटतं यातलं."

मी उठून पाणी भरलं.

त्यानंतरचा रविवार. नळाला पाणी येण्याचा दिवसही तोच, त्यामुळं खाली टाकी भरत होती, मोटारीचा आवाज चालू होता आणि आम्ही सगळे गच्चीवर. जुनी चादर अंथरून मम्मी कणकेची दोरी ओढत होती. जयू इतक्या वेगानं काडी फिरवायची की दोरी आपणहून तिच्याकडं धावतेय असं वाटायचं. पलीकडच्या गच्चीवर नसीम खाला बाजेवर शेवया वाळत घालत होत्या. उत्तरेला लेण्यांचा डोंगर उन्हात फिका पडलेला. पप्पा पाण्याच्या टाकीच्या सावलीत पेपर घेऊन बसले होते. माझ्याकडं सोपं काम होतं, सुकलेल्या काड्या ओढून घ्यायच्या.

मी ओढल्या, पण जरा लवकर. काडी निघाली आणि मागची नळी माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली. पोकळी मिटली, नुसती चपटी पट्टी उरली. घाईघाईनं दुसरी ओढली, तीही बसली.

"अगं बाई, थांब की!" जयू ओरडली. "अजून अंग नाय धरलं त्यानं. जरा दम धर."

"क्या जी, इत्ता पढ़ के सरगुंडा बैठा दिया?" खाला पलीकडून म्हणाल्या आणि सगळे हसले. पप्पाही. पेपर खाली करून म्हणाले, "तिला ते जमायचं नाय. तिचं ते दुसरंच काहीतरी चाललेलं असतं. काय असतं ते देवालाच माहीत."

"देवाला कशाला तरास देता मामा," जयू म्हणाली. "मी सांगते की."

हे सगळं तिला मीच सांगितलेलं होतं. अख्खा हिवाळा, आमच्या खोलीत, अडखळत, अर्धं इंग्रजीत. तिचा सेमिनार वेगळ्या विषयावर होता, पण ती खोदून खोदून विचारायची आणि तिला सांगताना मला लाजही वाटायची नाही. तो माझा विषय होता. आता ती वाळलेला एक सरगुंडा हातात घेऊन उभी राहिली होती.

"मामा, तुम्ही तिकडं जा. कठड्याला. अजून मागं. हां. आता सांगा, माझ्या हातात काय हाय?"

"काडी."

"जाडी दिसती का तिची?"

पप्पांनी डोळे बारीक केले. "नाय बा. रेघ हाय नुसती."

"मंग या आता जवळ."

पप्पा आले. चष्मा वर करून बघितलं. "नळी हाय की."

"आता समजा हिच्यावर मुंगी चढली. मुंगीला लांब लांब जाता येतं, आन् गोल फिरूनबी येता येतं. तिकडनं तुम्हाला एकच रस्ता दिसला, मुंगीला दोन."

"मग?"

माझ्या हातात चपटी पट्टी होती. मी ती उलटी करून पुन्हा सुलटी केली.

"मग आपल्या जगाचं तसंच असंल, असं हे लोक म्हणत्यात. वर-खाली, मागं-पुढं, डावं-उजवं, ह्या आपल्याला ठावं असलेल्या दिशा. अजून एखादी असंल, पण इतकी बारीक वळलेली, की आपण सगळेच्या सगळे त्या कठड्यापाशी उभे."

"मग जवळ जायचं की."

"जवळ जायलाच तर नेहा पुण्याला चाललीय!"

पप्पा हसले. मोठ्यांदा, मान मागं टाकून. टाळी द्यायला हात पुढं केला आणि जयूनं कणकेच्या हातानं टाळी दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अस्सं आहे व्हय? मग जा. हे तर बघायलाच पाहिजे कोणीतरी."

अशी मी पुण्याला गेले.

आजही घरच्यांना वाटतं, त्या दिवशी मी आनंदानं रडायला खाली पळाले. खालून टाकी भरून वाहिल्याचा आवाज आला म्हणून मी मोटार बंद करायला पळाले होते. जिन्यात अंधार आणि गारवा होता. तिथं उभं राहून मी जयूच्या उदाहरणातल्या चुका मोजत होते. पोकळ नळी बघून पप्पांना वाटणार, ती जादा दिशा नळीच्या आत कुठंतरी दडून बसलीय. ती आत नसते. ती कशाच्याच आत नसते. ती प्रत्येक ठिकाणी असते, या पायरीवर, या बटणापाशी, माझ्या नखाच्या टोकाशी, जिथं बोट ठेवाल तिथं वळून बसलेली. आणि जवळ जायचं म्हणजे चालत जायचं नसतं. बारीक गोष्ट बघायला तितक्याच बारीक लाटेचा प्रकाश लागतो आणि लाट जितकी बारीक तितकी तिला ताकद जास्त लागते. तेवढी ताकद माणसाच्या कुठल्याच यंत्रात अजून नाही. म्हणून दिसत नाही. जयूनं हे सांगितलंच नाही! मी सगळं बरोबर सांगत होते आणि पप्पा कूलर बघत होते. तिनं अर्धं सांगितलं आणि टाळी घेतली.

आणि ज्यासाठी मला जा म्हटलं, ते तिचं सांगणं होतं. माझी परवानगी तिच्या तोंडून आली होती. एखाद्याचा राग करावा तर तो धड करूही देत नाही, अशी काही माणसं असतात.

निकाल लागल्यावर आत्याचे यजमान जयूला न्यायला आले. तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणायची. ते दारातल्या खुर्चीवर बसून राहिले, चहा घेतला, जयूकडं एकदाही न बघता "आटप" म्हणाले. जयू बॅग भरत होती. मध्येच माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ते दिशा बारीक वळण्याचं, कॉम्पॅक्टिफिकेशन, नीट कसं म्हणत्यात गं? म्हण ना एकदा." मी म्हटलं. तिनं ओठातल्या ओठात माझ्यासारखंच म्हणून बघितलं. परत एकदा. मग हसली. मला तेव्हा वाटलं, ही माझी नक्कल करतेय.

काड्या ती विसरून गेली, की ठेवून गेली, कोण जाणे. नंतर तिनं बी.एड. केलं. आता कन्नडजवळच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवते.

पुण्यात मी शिकले की न दिसण्याचं आणखी एक उत्तर आहे. कदाचित त्या जादा दिशा बारीक नसतीलच. चांगल्या ऐसपैस असतील, पण आपण चादरीवर घातलेल्या पापडासारखे एका पृष्ठभागाला चिकटलेलो असू. आपलं शरीर चिकटलेलं, आपला प्रकाशही चिकटलेला. डोळ्यांना जे दिसतं ते प्रकाशानं आणून दिलेलं, आणि प्रकाश चादर सोडून जात नसेल, तर वरचं आभाळ दिसणार कसं? फक्त गुरुत्वाकर्षण तेवढं बाहेर झिरपत असेल, म्हणून ते इतकं अशक्त. आजवर कोणालाच काही सापडलेलं नाही. दोन्ही उत्तरं नुसती शक्यता म्हणून उभी आहेत. तरी मला हे दुसरं जास्त जवळचं वाटायचं. चिकटून राहणं मला कळतं. वसतिगृहात सगळ्या मुली गच्चीवर गात असताना मी कठड्यापाशी उभी राहून कोणाचा आवाज बसलाय ते ऐकायचे.

पप्पांचा फोन यायचा. "झाला का अभ्यास?" "हो." "बरं. जयूचा फोन आला होता, तिनं पोरांना काय भारी शिकवलं माहितीय का..." आणि मग पप्पा सांगत राहायचे, मी म्हणायचे, "हं. छान." फोन कानाला धरून मी भिंतीवरच्या रंगाचा एक पोपडा नखानं काढत असायचे. मत्सर मला कधी मोठा वाटला नाही. पुस्तकात असतो तसा धगधगणारा वगैरे तर कधीच नाही. मी जेवत होते, गणितं सोडवत होते, जयूच्या वाढदिवसाला तिला आठवणीनं फोन करत होते. लांबून बघणाऱ्याला माझी रेघ सरळच दिसली असती. पण त्या रेघेवर कुठंही बोट ठेवलं असतं तर तिथं एक बारीक वळसा होता. डब्यातल्या लोणच्यापाशी होता. कूलरच्या वासापाशी होता. पप्पांनी फोन ठेवताना घेतलेल्या श्वासापाशीसुद्धा होता.

यंदाची गोष्ट. पप्पा आता निवृत्त झालेत आणि करायला काही नाही म्हणून मम्मीनं त्यांना पाटासमोर बसवलंय. ते काडीवर दोरी गुंडाळतात, अगदी नट आवळावा तशी. शहराचं नाव बदललं, पण नळाचं पाणी अजून आपल्या मर्जीनं येतं, म्हणून खाली मोटार चालू होती. डोंगर तसाच फिका. खालांच्या गच्चीवर आता त्यांची सून शेवया घालते.

"झाला का अभ्यास?" पप्पांनी सवयीनं विचारलं. माझी पीएच.डी. चालू आहे हे त्यांना माहीत आहे. तरी.

मी एक काडी उचलली. आता मला कळतं कधी ओढायची ते. वरचा ओला चकाका जातो, बोट लावलं तर डाग उठत नाही, तेव्हा. मी वाट बघितली आणि हलकेच काडी फिरवून ओढली. नळी तशीच राहिली.

"पप्पा, काडी काढली तरी हे असंच का राहतं?"

"सुकलं म्हणून."

"आणि ओलं असताना काढली तर?"

"बसतं. तू बसवले होतेस की!" त्यांना आठवून हसू आलं.

"हो. मी बसवले होते." आणि मग मला कळायच्या आत मी बोलत होते. "ती जयूनं सांगितलेली बारीक दिशा आठवते? वळलेली? ती वळलीय असं आपण म्हणतो, पण कशावर? तिथं तर काडी नाही. मग ती मिटून का जात नाही, माझ्या सरगुंड्यासारखी? किंवा सगळे वळसे सुटून ती आपल्याएवढी मोठी का होत नाही? एवढ्याच मापाची होऊन कशी राहिली? तिला धरून ठेवणारं काय आहे, हे अजून कोणाला नीट सांगता येत नाही. माझं काम तेच आहे. मी काडी शोधते."

पप्पांचा हात थांबला होता. अर्धी गुंडाळलेली दोरी बोटांत लोंबत होती. चष्म्यावरून माझ्याकडं बघत ते म्हणाले,

"मग?"

इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट आली की ती किती साधी असते! मी पुढं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पप्पांनी कणकेचा हात लुंगीला पुसला आणि फोन काढला. "थांब, थांब. हे जयूला सांगायला पाहिजे."

अर्थातच.

स्पीकर लावून त्यांनी फोन पाटावर ठेवला. "जयू, अगं तुझ्या त्या सरगुंड्यात काडीच राहून गेली होती की! ही काय म्हणती ऐक." आणि पप्पांनी स्वतःच सांगितलं. मिटण्याचं, उलगडण्याचं, कोणी धरून ठेवलंय त्याचं. बरंचसं बरोबर सांगितलं. इतका वेळ माझं म्हणणं पप्पांच्या आवाजात मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडं जयूच्या मागं कुठंतरी भांडी वाजली, एक पुरुष खोकला.

"हं. छान," ती म्हणाली.

मी मान वर केली. मोटारीच्या आवाजातही मला ते नीट ऐकू आलं. तो सूर मला पाठ होता. तो माझाच होता.

"मंग मामा, तुम्ही काय म्हणालात तिला?"

"मी काय म्हणणार? मी म्हणलं, मग?"

पलीकडं पुन्हा भांडं वाजलं. मग एकदम घाईत, "बरं मामा, ठेवते. तास हाय माझा."

फोन बंद झाला. "गडबडीत होती वाटतं," पप्पा म्हणाले आणि दोरी पुन्हा काडीवर घेतली. वैशाखातली दुपार, सगळी कॉलेजं बंद, कन्नडला कसला तास? मला दारातल्या खुर्चीवर बसून तिच्याकडं न बघता "आटप" म्हणणारे दादा आठवले, आणि ओठातल्या ओठात माझा शब्द म्हणून बघणारी जयू. ती नक्कल नव्हती; तिलाही तो शब्द हवा होता. दोन वर्षं मी तिच्या इतकी जवळ झोपत होते, हातभर अंतरावर, आणि मला नुसती रेघ दिसत होती.

मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं, आणि चांगलंच वाटलं.

"मग? पुढं सांग की," पप्पा म्हणाले.

मी पुढं सांगितलं. पण जरा हळू आवाजात, पाटावरच्या बंद फोनकडं बघत.